दहा दिवसांचे सुवार्तिक

परदेशातल्या एखाद्या चर्चमधून दहा-बारा जणांचा गट निघतो, मुंबईला उतरतो आणि गाडीने नगर गाठतो. पहिला दिवस झोप आणि पोट ताळ्यावर आणण्यात जातो. मग वसतिगृहाच्या भिंतींना रंग, मुलांबरोबर हातवाऱ्यांची गाणी, दोन-तीन वस्त्यांवर दुभाष्यामार्फत साक्ष, एका दिवसाचे आरोग्य शिबिर, रविवारच्या उपासनेत हारतुरे, जाता जाता वेरूळ किंवा ताजमहाल, आणि परतीचे विमान. तिकडे याला ‘शॉर्ट टर्म मिशन ट्रिप’ म्हणतात. आपल्या मंडळ्यांत नुसते ‘टीम आली’ म्हटले की सगळ्यांना कळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी 2005 च्या पाहणीवरून केलेला अंदाज असा की, एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे 16 लाख चर्च-सदस्य अशा दौऱ्यांवर परदेशी जात होते. एवढ्या मोठ्या व्यवहाराचे समर्थनही तयारच असते. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. गेलेल्याचे मन पालटते आणि तो जन्मभर सेवेला हातभार लावतो. आणि खुद्द प्रभूने शिष्यांना थोड्या दिवसांच्या फेरीवर पाठवले होतेच की. ही मते मांडणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, म्हणून ती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पण ज्या मातीत ही सेवा करायची तिचा स्वतःचा अनुभव काय आहे, हे या समर्थनात कुठेच येत नाही. नगर जिल्ह्याकडे जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे आणि तो या दौऱ्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. इथे जे टिकले ते इथे राहिलेल्या, मराठी शिकलेल्या आणि आपल्या चुकांची फळे इथेच भोगलेल्या माणसांच्या हातून टिकले. ज्याला परिणामांना तोंड द्यायचेच नाही त्याच्या हाती काम सोपवणे म्हणजे इथल्या मंडळीच्या जिवावर दुसऱ्याची सहल भरवणे होय.

अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला टपलेले होते. हॉल चिकटून राहिले, मराठी शिकले, 1826 मध्ये मराठी नवा करार छापून झाला त्या कामात राबले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. या तेरा वर्षांत ख्रिस्ती झालेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. डिसेंबर 1831 मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी नगरला आले. बरोबर बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. सहा महिन्यांच्या आत हार्वी पटकीला बळी पडले आणि दोन वर्षांच्या आत बाबाजीही गेले. आजच्या दौऱ्यांचे अहवाल ज्या मापाने लिहितात, म्हणजे सभेत किती हात वर झाले, किती पत्रके वाटली, किती मुलांनी प्रार्थना म्हटली, त्या मापाने पाहिले तर नगरचे मिशन पहिल्या दोन वर्षांतच गुंडाळायला हवे होते. ते गुंडाळले गेले नाही, कारण ते चालवणाऱ्यांच्या हिशेबाचे एकक वर्ष हेही नव्हते, पिढी होते. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल कुणाचे काहीही मत असो, हा हिशेब प्रामाणिक होता: फळ दिसेपर्यंत आपण जिवंत असू याची खात्री नसताना पेरत राहायचे.

सिंथिया फॅरार यांचे उदाहरण घेऊ, कारण त्यांचे नाव नगरच्या बाहेरही पोचले आहे. लग्न न झालेली बाई म्हणून अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवल्या गेलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी या एक. डिसेंबर 1827 मध्ये त्या मुंबईत आल्या, 1839 मध्ये नगरला गेल्या आणि 1862 च्या जानेवारीत नगरलाच वारल्या. मुलींच्या शाळेत मुली आणायच्या कशा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. आज आलेली मुलगी उद्या येईल याचा भरवसा नव्हता; लग्न ठरले की पाटी सुटायची, एखाद्या धर्मांतराची बातमी गावात पसरली की वर्ग ओस पडायचा, आणि पुन्हा घरोघर जाऊन आयांची समजूत घालावी लागायची. हे काम दुभाष्याकरवी होत नाही. आयांनी विश्वास ठेवला तो ही बाई पुढच्या वर्षीही इथेच असणार, हे त्यांना दिसत होते म्हणून. 1853 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नगरच्या अमेरिकन मिशनमधील फॅरारबाईंच्या शाळा आपण मित्रासह पाहिल्याचे आणि त्या पाहून समाधान वाटल्याचे नमूद केले आहे; सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही या बाईंचे नाव जोडले जाते. म्हणजे पुण्यात 1848 मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली तिच्या मागे नगरमधली कित्येक वर्षांची, बहुतेकांच्या नजरेत न भरणारी खटपट उभी होती. फॅरारबाई दहा दिवसांसाठी आल्या असत्या तर जोतीरावांना पाहायला रंगवलेली भिंत मिळाली असती.

राहिल्यामुळे केवळ विश्वासच मिळतो असे नाही, ज्ञानही मिळते. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला ठाण मांडून बसलेले सॅम्युएल फेअरबँक 1846 मध्ये आले आणि पुढचे जवळजवळ अर्धे शतक या भागात होते. त्यांनी नगर परिसरातल्या पक्ष्यांची यादी 1870 च्या दशकात ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापली. पाळकाने पक्षी मोजावेत याचे कुणाला हसू येईल. पण ज्याला गावाच्या बांधावरचा पक्षी ओळखता येतो त्याला त्या गावाचे पीक, पाऊस आणि उपासमारही ओळखता येते. पुढे डी. सी. चर्चिल या अभियंत्याने नगरच्या विणकरांच्या हातमागाचा अभ्यास करून सुधारित माग बनवला, तोही विणकराच्या खड्ड्याशेजारी बसून, धोटा कुठे अडतो हे पाहत. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट तर परदेशी माणसाने केलीच नाही. कृष्णराव सांगळ्यांनी 1860 च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे केले: पूर्वरंग, आख्यान, टाळ, मृदंग, आणि कथा येशूची. खेड्यातला माणूस पारावर येऊन बसला तो यासाठी. आजची टीम पडद्यावर रोमन लिपीत मराठी ओळी लावते आणि गिटारवर तीन स्वर वाजवते. मुले टाळ्या पिटतात, कारण पाहुण्यांपुढे टाळ्या पिटायच्या हे त्यांना शिकवलेले असते. दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न दरवर्षी नव्याने, आणि अधिक वाईट रीतीने, सोडवायचा हा खेळ आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुने मिशनरी राहिले खरे, पण राहून त्यांनी काय केले? बंगल्यात राहिले, पगाराच्या दोऱ्या हातात ठेवल्या, देशी पाळकाला कारकून बनवले. हा आरोप बाहेरच्यांनी केलेला नाही, घरातूनच झाला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नगरच्या मिशनमध्ये दोन दशके काम केले आणि 1917 मध्ये मिशनच्या पगाराचे बंधन झुगारून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनची चौकट मराठी माणसाला अपुरी पडते, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवले. तेव्हा मुक्काम लांबला की माणूस आपोआप शहाणा होतो, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की, मुक्काम लांबला की त्याला कुणीतरी जाब विचारू शकतो. टिळक ज्यांच्याशी भांडले ती माणसे समोर होती, त्यांना मराठी समजत होते, आणि भांडण ऐकून घेण्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हते. दहा दिवसांच्या पाहुण्याशी भांडणार कोण? त्याची चूक लक्षात येते तेव्हा तो शिकागोच्या विमानतळावर सामानाची वाट पाहत असतो. वरचढपणाचा जो दोष जुन्या मिशनवर लावला जातो तो नव्या दौऱ्यांत गेलेला नाही. तो हसरा झाला आहे, टीशर्ट घालून आला आहे, आणि त्याला उत्तर देण्याची सोय तेवढी काढून घेतली गेली आहे.

आणखी एक दाखला माझ्याच विरुद्ध जाईल असा आहे. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854 च्या अखेरीस नगरला आले तेही पाहुणे म्हणूनच, थोड्या मुक्कामासाठी. त्या भेटीचे परिणाम मात्र मोठे झाले: इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला, मराठी आणि गावातल्या मंडळ्या पुढे आल्या, आणि हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना त्याच सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली. मग छोटी भेट निरुपयोगी कशी? उत्तर भेटीतल्या निर्णयातच आहे. मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, स्वतः कारभार पाहावा आणि स्वतः वाढावे, हे अँडरसन यांचे सूत्र होते, आणि छोट्या भेटीत त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे व्यासपीठ मराठी माणसाच्या हाती देणे. आजची टीम येते ती व्यासपीठावर चढायला. ज्या मंडळीला 1854 मध्ये स्वतःचे पाळक मिळाले, जी 29 नोव्हेंबर 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे, जिच्यातल्या भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज उभे केले, तिच्या उपासनेत विशीतल्या परदेशी मुलाने अनुवादकाला थांबवत थांबवत विश्वासाचे धडे द्यावेत आणि साठीतल्या पाळकसाहेबांनी मागे उभे राहून मान डोलवावी, हे दृश्य पाहून अँडरसनही खजील झाले असते.

थोडे केलेले बरे, हा युक्तिवाद आरोग्य शिबिरांच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येतो, म्हणून त्याची परीक्षा याच जिल्ह्यातल्या जामखेडला घ्यावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरला शिक्षण घेतल्यावर 1960 च्या दशकात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की, बरे होऊन गेलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो, कारण आजार रुग्णालयात होत नाही, गावात होतो: पाण्यात, उपासात, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत. मग दोघे अमेरिकेला गेले ते शिकायला, आणि 1970 मध्ये परत आले ते जामखेडला राहायला. गावानेच निवडलेल्या बायकांना, ज्यांत कित्येक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. सुरुवातीला प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. वीसेक वर्षांत हा आकडा 20 ते 30 च्या घरात आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यातला एकही टप्पा शिबिराने गाठता आला नसता. शिबिरात रक्तदाब मोजतात आणि गोळ्यांची पुडी देतात. पण रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यायची असते आणि पुडी पंधरा दिवसांत संपते. सोळाव्या दिवशी रोग्याला कोण पाहणार, हे शिबिर भरवणाऱ्याला माहीत नसते, आणि रोग्याचा समज होतो तो असा की परदेशी डॉक्टर आला होता, आता तो पुन्हा येईल तेव्हा बघू. म्हणजे थोडे केलेले नेहमी बरे नसते, कधी कधी ते खऱ्या उपचाराच्या आड येते. शिवाय भारतात नोंदणी किंवा रीतसर परवानगी नसताना परदेशी डॉक्टरने रोगी तपासणे बेकायदा आहे. आपल्या देशात जे करण्याची छाती होणार नाही ते नगरच्या गरिबावर करून पाहण्यात सेवा कसली? जामखेडला परदेशी माणसे आजही येतात, पण शिकायला येतात आणि प्रकल्पाच्या नियमांनी राहतात. ज्या बाईला शाळेचा उंबरा ओलांडता आला नाही ती त्यांना शिकवते. येणाऱ्याने कुठे बसावे, याचे उत्तर जिल्ह्याने देऊन ठेवले आहे.

आता पैशाकडे. अमेरिकेतून येणाऱ्याचे विमान, व्हिसा, विमा, गाडी, जेवणखाण धरले तर माणशी अडीच लाख रुपये हा काही फुगवलेला आकडा नव्हे. बारा जणांचे तीस लाख. महिना 20 हजारांवर एक परिचारिका नेमली तर तेवढ्यात तिचा बारा वर्षांचा पगार निघतो. यावर ठराविक उत्तर येते: हे पैसे दौऱ्यासाठीच जमतात, दौरा नसेल तर ते जमणारच नाहीत, आणि जाऊन आलेला माणूस पुढे जन्मभर देत राहतो. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने हे उत्तर तपासले. 1998 च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकन गटांनी बांधलेल्या घरांची आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांची त्याने तुलना केली. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात, कुणी बांधले यावरून, फरक आढळला नाही. स्थानिक संस्थेला घर सुमारे 2,000 डॉलरला पडत होते; एका घरासाठी आलेल्या गटाचा खर्च प्रवासासकट 30,000 च्या आसपास जात होता. आणि परतलेल्यांच्या देणग्यांत, प्रार्थनेत, वागण्यात टिकाऊ असा बदल नगण्य होता. मन पालटते या दाव्याचा कणाच इथे मोडतो. क्षणभर समजू की तो दावा खरा आहे. तरी प्रश्न उरतोच की, ओहायोतल्या मुलाचे मन पालटावे म्हणून नगरच्या मुलाने आपले बालपण प्रदर्शनाला का लावावे?

हा प्रश्न मुलांपाशी आणखी टोकदार होतो. वसतिगृहातले सात वर्षांचे पोर नव्या माणसाच्या गळ्यात पाचव्या मिनिटाला पडते, आणि पाहुण्याला वाटते की हे प्रेम आहे. आईबापांपासून दूर राहणारी मुले अशी पटकन चिकटतात ती भुकेने, आणि दहा दिवसांनी ती भूक पुन्हा तशीच मागे राहते. पुढच्या मोसमात नवी टीम, नव्या ‘ताई’, नवे ‘दादा’, नवा निरोप. त्या मुलांची छायाचित्रे परदेशातल्या सभांमध्ये पडद्यावर झळकतात, समाजमाध्यमांवर नावानिशी फिरतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याचे 74 वे कलम मनाई करते. हे कलम दौऱ्याच्या माहितीपत्रकात कधी छापलेले असते का? त्यांच्या देशात शाळेच्या आवारात शिरण्याआधी ज्याची पार्श्वभूमी तपासतात, त्याला इथे वसतिगृहाच्या दारातून थेट आत घेतात, कारण तो पाहुणा आहे आणि रविवारी पाकीट देऊन जाणार आहे. व्यवस्थापकांनीही आरशात पाहायला हरकत नाही. टीम येते ती कुणीतरी बोलावते म्हणून.

कायद्याची बाजू मी आवर्जून घेतो, कारण ती सर्वांत कमी बोलली जाते आणि तिची किंमत पाहुण्याला सर्वांत कमी मोजावी लागते. भारतात मिशनरी व्हिसा वेगळा आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रसार करता येत नाही. तरी ‘आम्ही फक्त मित्रांना भेटायला आलो’ असे विमानतळावर सांगा, असा सल्ला देणारे महाभाग आहेत. सत्याची साक्ष द्यायला निघालेल्याने पहिले वाक्य खोटे बोलावे, यावर वेगळे भाष्य नको. यात काय होऊ शकते, हे नगर जिल्ह्याने दुसऱ्या एका धर्माच्या पाहुण्यांच्या बाबतीत पाहिले आहे. 2020 च्या टाळेबंदीत पर्यटक व्हिसावर आलेल्या तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवर या जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले, आणि त्यांना आसरा दिला म्हणून स्थानिक लोकांवरही झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी 29 परदेशी नागरिकांसह सर्वांवरचे गुन्हे रद्द केले, धार्मिक स्थळांना भेट देण्यास किंवा प्रवचनाला बसण्यास व्हिसाचे नियम आडवे येत नाहीत असे म्हटले, आणि या लोकांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे ताशेरेही निकालपत्रात आले. न्याय झाला. पण तो व्हायला महिने लागले, तोवर वर्तमानपत्रांनी काय छापायचे ते छापून घेतले, आणि निकालानंतर परदेशी माणूस विमानात बसला. आसरा देणारा मात्र त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहिला. ख्रिस्ती टीमच्या बाबतीत गणित वेगळे नाही. पाहुण्याने वस्तीवर उत्साहाच्या भरात डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कुणी मोबाइलवर चित्रण केले, की दुसऱ्या दिवशी बाटवाबाटवीचा आरोप येतो तो पाळकावर. शेतात मजुरीला जाणाऱ्या ख्रिस्ती बाईला बांधावर टोमणा ऐकावा लागतो: तुमचे गोरे आले होते ना, किती दिले? पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेले, शिवारात घाम गाळलेले हे लोक परक्यांचे ठरतात, ते अशा एका दुपारीमुळे.

शास्त्राचा आधार घेणाऱ्यांना शास्त्रानेच उत्तर द्यावे. लूकच्या दहाव्या अध्यायात सत्तर जणांना जोडीने पाठवल्याचे आहे खरे. ते गेले आपल्याच बोलीच्या गावांत, पायी, थैली आणि झोळी न घेता, आणि वाढेल ते खाण्याची आज्ञा घेऊन. म्हणजे त्यांची भाकरी यजमानाच्या हातात होती. नको असतील तर यजमान त्यांना उपाशी परत पाठवू शकत होता. आपल्या दौऱ्यांत याच्या नेमके उलट आहे: थैली पाहुण्याकडे, आणि भाकरीसाठी तोंडाकडे पाहतो तो यजमान. पौलाचे प्रवास पुढे करणारे विसरतात की तो करिंथला दीड वर्ष राहिला, इफिसला सुमारे तीन वर्षे, तंबू शिवून पोट भरले, आणि ज्यांच्याशी बोलला त्यांच्या ग्रीक भाषेत बोलला. आपल्याजवळचाच दाखला हवा तर फादर स्टीफन्स यांचा घ्यावा. 1579 मध्ये ते गोव्याला आले आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मधली सदतीस वर्षे गेली तेव्हा कुठे मराठीने त्यांना आपले म्हटले.

या सगळ्याला आणखी एका बाजूने टाळ्या पडतील याची जाणीव आहे. मिशनरी नकोच, ख्रिस्ती सेवा म्हणजे निव्वळ कावा, असे म्हणणारे या लेखातला सोयीचा परिच्छेद उचलतील. त्यांनी तो उचलण्याआधी फॅरारबाईंची शाळा आणि आरोळ्यांचे जामखेड वजा करून नगरचा इतिहास लिहून दाखवावा. देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांनी एकमेकांकडे जाऊ नये, असेही मी म्हणत नाही. पाहुणा म्हणून या, उपासनेत मागच्या बाकावर बसा, पिठलेभाकरी खा, ह्यूम चर्च पाहा, जुन्या कबरस्तानातली नावे वाचा. त्याला सहल म्हणा, तिच्यात लाज कसली? लाज आहे ती सहलीला सेवा म्हणून देणग्या गोळा करण्यात. 1968 मध्ये इव्हान इलिच या धर्मगुरूने अमेरिकन स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते की पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. 1971 मध्ये केनियाचे जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवा, अशी मागणी केली. हे सांगणारे दोघेही चर्चचेच होते.

पैसा पाठवायची वाट अरुंद झाली आहे म्हणून माणसे पाठवतो, हे शेवटचे समर्थन अलीकडचे आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, हे खरे. छोट्या संस्थांची त्यात कुचंबणा झाली, हेही खरे. पण म्हणून टीमच्या बॅगेतून पाकिटे आणणे हा मार्ग होत नाही. तो कायदा तिथेही लागू आहे, आणि नोंदणी जाईल ती इथल्या संस्थेची. हेच माप आपल्या तरुणांनाही लावावे. उद्या नगरच्या एखाद्या मंडळीतल्या मुलाला नेपाळच्या दौऱ्याचे निमंत्रण आले तर त्याने आधी पाहावे की तिथल्या 2015 च्या राज्यघटनेने धर्मांतर करवण्याला मनाई केली आहे, 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. नेपाळी पाळकाला बाहेर काढायला देश नाही.

नगर, नेवासे, राहुरी, जामखेडच्या मंडळ्यांच्या पंचांना विनंती आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी टीमचे पत्र आले की उत्तरात नम्रपणे लिहावे: किमान दोन वर्षांसाठी या, पहिले सहा महिने मराठी शिका, योग्य व्हिसा घ्या, आणि तुम्ही काय काम करायचे हे आमची कमिटी ठरवील. हे जमत नसेल तर तिकिटाचे पैसे नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात कायदेशीर मार्गाने पाठवा, त्यातून वस्तीवरच्या परिचारिकेचा पगार होईल. तेही जमणार नसेल तर यंदा येऊ नका.